पाकिटातली नकोशी कार्डं

वॅक्स पॅकचं खोकं विकत घ्यायचं तर आधी पाकिटांची पाठ बघायची. १९८०च्या दशकातली बेसबॉल कार्डांची, म्हणजे खेळाडूंचे फोटो असलेल्या कार्डांची, पाकिटं मेणकागदाची असत. मागे घडी घालून ती गरम दाबाने चिकटवलेली. कारखान्यातलं सील सगळ्या पाकिटांवर एकाच जागी, एकाच रुंदीचं असतं. कुणी पाकीट उघडून चांगलं कार्ड काढून घेतलं आणि इस्त्री फिरवून ते पुन्हा चिकटवलं, तर मेण पसरतं आणि तेवढ्या जागी कागद तेलकट, आरपार दिसू लागतो. घडीची कड एकदा मोडली की पुन्हा तशी बसतही नाही. ओहायोतल्या क्लीव्हलंडच्या आसपास शनिवार-रविवारी चर्चच्या हॉलमध्ये, हॉटेलांच्या मोठ्या खोल्यांमध्ये कार्ड शो भरतात. तिथे टेबलाशी उभी राहून मी एकेक पाकीट असं उलटून बघते. विक्रेते हमखास विचारतात, "कुठल्या रुकीच्या शोधात आहात?" रुकी म्हणजे नवखा खेळाडू, आणि त्याचं मोठ्या लीगमधलं पहिलं कार्डही. सगळी धावपळ त्याच्यासाठी. मी सांगते, मला चेकलिस्ट हव्यात, पझलचे तुकडे हवेत, चुकीच्या फोटोंची कार्डं हवीत.

या संग्रहाची सुरुवात माझ्या लेकापासून झाली. आदित्य चौथी-पाचवीत असताना शेजारच्या मुलांबरोबर जुनी पाकिटं उघडायला लागला. जेवणाच्या टेबलावर पाकिटांचा ढीग पडायचा आणि तांदूळ निवडावेत तशी तो कार्डं निवडायचा. ओळखीचा खेळाडू आला की बाजूला, बाकीची डब्यात. मधूनच त्याचा चेहरा पडायचा. "आई, हे बघ ना, यात माणूसच नाहीये. नुसती नावं आहेत." ती चेकलिस्ट असायची, म्हणजे संचातल्या कार्डांची यादी. कधी तीन तुकड्यांचं अर्धवट चित्र निघायचं, कधी टीमचा लोगो असलेला स्टिकर. "हे तुला घे," म्हणून तो ते माझ्यासमोर सरकवायचा. मी ती ठेवत गेले. तो आता कोलंबसला कॉलेजात आहे आणि त्याची रुकी कार्डं कपाटात तशीच आहेत. नकोशी कार्डं मात्र वाढत गेली, कारण पुढे मी ती मुद्दाम शोधू लागले.

ही जुनी खोकी आज स्वस्तात मिळतात, त्यामागे एक कारण आहे. साधारण १९८६-८७ ते १९९३-९४ या काळाला इथले संग्राहक 'जंक वॅक्स'चा काळ म्हणतात. त्याआधीच्या पिढीने आपली कार्डं सायकलच्या चाकांत अडकवली होती, आयांनी घर आवरताना फेकून दिली होती. त्यामुळे जी उरली त्यांना भाव आला. टॉप्स कंपनीच्या १९५२च्या संचातली शेवटच्या टप्प्यातली कार्डं विकली गेली नव्हती. टॉप्सच्या साय बर्गर यांनी १९६० साली ती बोटीवर चढवून न्यूयॉर्कजवळ अटलांटिक समुद्रात बुडवली. त्याच टप्प्यातल्या, मिकी मँटल या खेळाडूच्या कार्डाच्या एका उत्तम प्रतीला २०२२ साली लिलावात १ कोटी २६ लाख डॉलर मिळाले. जुन्या कार्डांचे भाव असे चढताना दिसले तेव्हा १९८०च्या दशकात लोकांनी नवी खोकी सीलबंद ठेवायला सुरुवात केली. मुलांच्या कॉलेजची फी यातून निघेल असा हिशेब होता. कंपन्यांनीही छापायला हात आखडला नाही. सगळ्यांनीच जपून ठेवल्यावर दुर्मीळ काय राहणार? १९९४च्या खेळाडूंच्या संपात वर्ल्ड सीरिज, म्हणजे हंगामाची अंतिम लढतच रद्द झाली आणि बाजार बसला. म्हणून आज चाळीस वर्षांपूर्वीचं न उघडलेलं खोकं पिझ्झ्याच्या पैशात घरी आणता येतं. मला हे भाग्यच वाटतं. इतकी जुनी वस्तू, पहिल्यांदा उघडण्याचा मान आपला, आणि तो कुणालाही परवडणारा.

सगळ्यात जास्त मी उघडली आहेत टॉप्सची १९८७ सालची पाकिटं. लाकडाच्या फळीसारखी तपकिरी चौकट असलेली ही कार्डं अमेरिकेतल्या त्या पिढीतला कुणीही लांबून ओळखतो. एका पाकिटात १७ कार्डं आणि बबलगमची एक चपटी पट्टी, किंमत ४० सेंट. खोक्यात ३६ पाकिटं, म्हणजे ६१२ कार्डं. पूर्ण संच ७९२चा. म्हणजे एकही डबल आला नाही तरी एका खोक्यात संच पुरा होणं शक्य नाही, आणि डबल तर येतातच.

उघडताना घाई करायची नाही. अंगठ्याचं नख घडीखाली सरकवून मेण हळूच सोडवायचं. आधी येतो तो वास. गोडसर, पिठूळ, थोडा पुठ्ठ्याचा. गमची पट्टी गुलाबी उरलेली नसते, फिकट पडलेली असते आणि बोट लागताच तिचे तुकडे होतात. ती खायची नाही, हे वेगळं सांगायला नको. गमला टेकून असलेल्या कार्डावर चाळीस वर्षांत चौकोनी तपकिरी डाग पडलेला असतो. प्रत्येक पाकिटातल्या एका खेळाडूच्या वाट्याला हा डाग येतोच. त्याला उपाय नाही. मेणाचा डाग असेल तर जुन्या नायलॉनच्या पायमोज्याने हलक्या हाताने घासला की बराचसा निघतो, ही युक्ती मला एका म्हाताऱ्या विक्रेत्याने शिकवली. टॉप्सने १९९२पासून पाकिटातून गम काढून टाकला. त्यानंतरची कार्डं स्वच्छ निघतात, पण त्यांना वास नाही.

मग निवडणं. मी जमिनीवर जुनी चादर पसरते. पहिल्या फेरीत शंभरा-शंभराचे गठ्ठे, दुसऱ्या फेरीत दहा-दहाचे, मग क्रमांक लावायचे. हे काम करताना हळूहळू नावं पाठ होतात. ज्यांना संग्राहक 'कॉमन' म्हणतात, म्हणजे ज्यांच्या कार्डाला काही भाव नाही असे खेळाडू, त्यांची नावंसुद्धा. आणि मधे मधे चेकलिस्ट निघत जाते.

चेकलिस्टवर मला सविस्तर लिहायचं आहे, कारण सगळ्यात जास्त हिरमोड तीच करते आणि माझा जीव सगळ्यात जास्त तिच्यावर आहे. १९८७च्या संचात अशा सहा याद्या आहेत. प्रत्येकीत १३२ क्रमांक. हा आकडा उगाच आलेला नाही. टॉप्सचा छपाईचा ताव १३२ कार्डांचा होता आणि ७९२ म्हणजे बरोबर सहा ताव. प्रत्येक क्रमांकापुढे एक इवलासा रिकामा चौकोन आणि खेळाडूचं नाव. कार्ड मिळालं की चौकोनात खूण करायची, अशी कंपनीची अपेक्षा. गंमत म्हणजे यादी स्वतःलाही यादीत धरते. तिच्या स्वतःच्या क्रमांकापुढे 'चेकलिस्ट' असं लिहून रिकामा चौकोन ठेवलेला असतो.

पन्नास-साठच्या दशकातल्या याद्या आज मिळाल्या तर त्या बहुतेक पेनाने खुणा केलेल्या असतात, कारण मुलांनी त्या वापरल्या. कोऱ्या यादीला त्यामुळे चांगली किंमत येते, खुणा केलेलीला कमी. बाजाराचा हा नियम मला कळतो, पटत नाही. खुणा केलेली यादी म्हणजे एका मुलाच्या संग्रहाचा पुरावा असतो. लेकवुडमधल्या एका गराज सेलमध्ये मला बुटांच्या खोक्यात भरलेली १९८७ची कार्डं मिळाली. त्यात २६५ ते ३९६ क्रमांकांची, म्हणजे तिसरी यादी होती. निळ्या बॉलपेनने केलेल्या खुणा. सुरुवातीच्या खुणा चौकोनाच्या आत, नेटक्या. पुढे त्या चौकोन ओलांडून बाहेर गेलेल्या, आणि पेन इतकं दाबलेलं की कार्डावरून बोट फिरवलं तर खोलगट रेघ लागते. एका नावापुढची खूण दोनदा खोडलेली. कार्ड कुणाला तरी देऊन टाकलं असेल, मग परत मिळालं असेल आणि पुन्हा गेलं असेल, असं मला वाटतं. अगदी मोजके चौकोन रिकामे राहिले होते.

मी ती यादी पुढ्यात ठेवून खोक्यातली कार्डं एकेक करून पडताळली. जवळजवळ सगळी जुळली. खुणा होत्या पण कार्डं नव्हती अशा जागा कुठे निघाल्या, तर ३२०वर बॅरी बाँड्स आणि ३६६वर मार्क मॅग्वायर. दोघंही पुढे विक्रमी षटकार मारणारे, म्हणजे इथल्या भाषेत होम रन मारणारे. त्यांची कार्डं केव्हातरी कुणीतरी विकली असणार. आपल्याकडे ती होती एवढं मात्र यादीने जपून ठेवलं. आणि चेकलिस्टच्या स्वतःच्या चौकोनातही त्या मुलाने खूण केली होती. ही यादी मी कधीही विकणार नाही. तशी ती विकत घेणारंही कुणी नाही, पण प्रश्न तो नाही.

आता पझल. डोनरस नावाच्या कंपनीच्या पाकिटात कार्डांबरोबर एका चित्रकोड्याचे तीन तुकडे येत. मुलांना त्यांचा राग यायचा, आदित्यलाही यायचा. पण ते तुकडे तिथे का आले, त्यामागे एक मोठा कोर्टखटला आहे. बेसबॉल कार्डांवर टॉप्सची वर्षानुवर्षं मक्तेदारी होती. फ्लीअर कंपनीने दावा लावला, १९८०मध्ये तो जिंकला, आणि १९८१ साली फ्लीअर व डोनरस दोघांनीही गमसकट कार्डं बाजारात आणली. त्याच वर्षी अपिलाच्या कोर्टाने निकाल फिरवला. गमबरोबर किंवा मिठाईबरोबर कार्डं विकायचा हक्क टॉप्सकडेच राहिला. मग पळवाट निघाली. कार्डांबरोबर गम नाही तर दुसरं काहीतरी द्यायचं. फ्लीअरने टीमच्या लोगोंचे स्टिकर घातले. डोनरसने १९८२पासून पझल घातलं, पहिलं बेब रूथ या गाजलेल्या खेळाडूचं. म्हणजे ज्या तुकड्यांना पोरांनी केराची टोपली दाखवली, त्यांच्याच आधारावर ती पाकिटं कायदेशीरपणे विकली जात होती. हे कळल्यापासून मी एकही तुकडा टाकलेला नाही.

१९८८च्या डोनरसमध्ये सेंट लुईस कार्डिनल्सचा स्टॅन मुसियल आहे. ६३ तुकडे, म्हणजे प्रत्येकी तीन तुकड्यांची २१ कार्डं. खोक्यात ३६ पाकिटं, प्रत्येकात एक पझल कार्ड. हिशेबाने पुरायला हवं, पण तेच तेच तुकडे पुन्हा येतात. टोपीचा कोपरा चार वेळा, आणि खांदा एकदाही नाही. मुसियलची एक गोष्ट मला फार आवडते. त्याने कारकिर्दीत ३६३० हिट मारल्या, त्यातल्या १८१५ घरच्या मैदानावर आणि १८१५ परक्या मैदानांवर. इतका समतोल असलेल्या माणसाचं चित्र अर्धवट ठेवणं मला बरं वाटत नाही. तुकडे कार्डातून मोकळे करून चित्र जुळवायचं की कार्डं तशीच अखंड ठेवायची, यावर आमच्या घरात बरीच चर्चा झाली. आदित्यचं म्हणणं, "आई, पझल आहे ना ते, मग जुळव ना." मी अखंड ठेवली. मोकळे केलेले तुकडे गहाळ होतात, आणि माझ्या मते ती दर पाकिटातून एक अशीच ठेवायची वस्तू आहे. डबल आलेल्यांतून मात्र त्याला एक जुळवून दिलं, जेवढं जमलं तेवढं.

चुकीच्या फोटोंचं प्रकरण वेगळं. ते पाकिटात मिळतं आणि उघडणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. १९९०च्या लाल चौकटीच्या डोनरस खोक्यातून माझ्याकडे जॉन स्मोल्ट्झचं १२१ क्रमांकाचं कार्ड आलं. नाव स्मोल्ट्झचं, फोटो टॉम ग्लॅविनचा. दोघंही अटलांटा ब्रेव्ह्जचे पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे. पुढे कंपनीने फोटो बदलून दुसरी छपाई केली, तीही मी नंतर मिळवली आणि दोन्ही शेजारी शेजारी लावली आहेत. पुढे ग्लॅविन २०१४ साली आणि स्मोल्ट्झ २०१५ साली हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत गेला. १९५७च्या टॉप्समध्ये हँक अ‍ॅरनची निगेटिव्ह उलटी छापली गेली आणि उजव्या हाताने बॅटिंग करणारा तो माणूस डावखुरा झाला. १९८५च्या टॉप्समध्ये गॅरी पेटिसच्या कार्डावर त्याचा धाकटा भाऊ लिन आहे. ही सगळी मला माहीत आहेत, काही माझ्याकडे आहेत, पण यातलं मला सगळ्यात प्रिय कार्ड १९६९चं आहे.

ते कॅलिफोर्निया एंजल्सच्या ऑरेलिओ रॉड्रिगेझचं. बॅट खांद्यावर घेऊन एक कोवळा मुलगा कॅमेऱ्याकडे बघतो आहे. तो रॉड्रिगेझ नाही. तो त्या टीमचा बॅटबॉय, लेनर्ड गार्सिया. मैदानावरून बॅटी उचलून आणणारा पोरगा. छपाई झाली, कार्डं विकली गेली, तसंच राहिलं. मेक्सिकोतून आलेल्या रॉड्रिगेझने पुढे मोठं नाव कमावलं. ब्रुक्स रॉबिन्सनने सलग १६ वर्षं घेतलेला, थर्ड बेसवरच्या क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लोव्ह पुरस्कार १९७६मध्ये त्यानेच मिळवला. म्हणजे फोटो चुकला म्हणून त्याचं काही अडलं नाही. पण त्या बॅटबॉयचं बघा. मोठ्या लीगमध्ये एकही चेंडू न खेळता त्याचा चेहरा टॉप्सच्या कार्डावर आला आणि ते कार्ड आजही लोक नावानिशी शोधतात. माझ्याकडची प्रत कोपरे गोल झालेली, मधे घडी पडलेली आहे. चांगल्या प्रतीसाठी जास्त पैसे मोजावे असं मला कधी वाटलं नाही.

आणि रंगवलेल्या टोप्या. कार्डांचे फोटो आदल्या हंगामात काढलेले असत आणि हिवाळ्यात खेळाडूंच्या अदलाबदली होत. नव्या टीमच्या कपड्यातला फोटो नाही, मग करायचं काय? चित्रकाराने जुन्या फोटोवर नवी टोपी रंगवायची. १९७७ साली सिअ‍ॅटल मॅरिनर्स आणि टोरांटो ब्लू जेज या दोन नव्या टीम आल्या. कार्डं तयार होत असताना त्यांचा एकही सामना झालेला नव्हता, त्यामुळे त्या वर्षीच्या त्यांच्या कार्डांवरच्या टोप्या ब्रशातून आलेल्या आहेत. मॅरिनर्सच्या रिक जोन्सचं कार्ड मी भिंगाखाली पाहिलं. चेहऱ्यावर ऊन-सावली आहे, नाकाची सावली ओठावर पडलेली दिसते. टोपीला मात्र ऊनही नाही, सावलीही नाही. सपाट निळा रंग, त्यावर घाईत काढलेलं पिवळं एम अक्षर, आणि कानाजवळ केस कुठे संपतात आणि टोपी कुठे सुरू होते ते चित्रकाराने ठरवलेलंच नाही. विक्रेत्याने ते मला 'घाणेरडं कार्ड' म्हणून हसत हसत दिलं. मला त्यात टेबलावर वाकलेला माणूस दिसतो, ज्याच्यापुढे फोटोंचा गठ्ठा आहे आणि ज्याला संध्याकाळपर्यंत दोन अख्ख्या टीमना टोप्या घालायच्या आहेत. बाकीच्या शेकडो चकचकीत कार्डांमध्ये कुणाच्या हाताची खूण दिसत नाही. ती या कार्डात दिसते, म्हणून मला ते सुंदर वाटतं.

१९७२च्या टॉप्सच्या पाकिटात काही मुलांना चक्क ट्रॉफीचे फोटो मिळाले. साय यंग पुरस्काराची ट्रॉफी, रुकी ऑफ द इयरची ट्रॉफी, अशी सहा कार्डं. खेळाडू नाही, नुसता चषक. या कार्डांत मात्र मला विशेष काही सापडलेलं नाही. पाकिटातला हिरमोड म्हणून ती ठेवली आहेत, इतकंच.

१९८२च्या टॉप्समधलं बॉल्टिमोर ओरिओल्सचं 'फ्युचर स्टार्स' कार्ड यापेक्षा कितीतरी बोलकं. एका कार्डावर तीन नवे खेळाडू. मधे कॅल रिपकन ज्युनिअर, ज्याने पुढे सलग २६३२ सामने खेळून ल्यू गेरिगचा विक्रम मागे टाकला. बाजूला बॉब बॉनर आणि जेफ श्नायडर. कार्डाला जो भाव येतो तो रिपकनचा. बाकी दोघांना संग्राहक ओलांडून जातात. श्नायडर मोठ्या लीगमध्ये एकाच हंगामात दिसला. बॉनरही थोडेच सामने खेळला आणि पुढे मिशनरी म्हणून आफ्रिकेत झांबियाला गेला. हे वाचल्यापासून ते कार्ड हातात घेतलं की माझी नजर आधी बॉनरवर जाते.

रिपकन म्हटलं की त्याच्या धाकट्या भावाचं, बिली रिपकनचं १९८९चं फ्लीअर कार्ड निघाल्याशिवाय राहत नाही. त्याच्या बॅटच्या मुठीवर एक अश्लील शिवी लिहिलेली फोटोत स्पष्ट दिसते आणि ती तशीच छापली गेली. कंपनीने मग पांढऱ्या रंगाने, रेघोट्या मारून, काळा चौकोन टाकून ती झाकली. प्रत्येक प्रकार वेगळा म्हणून प्रत्येकाचा वेगळा भाव. सरावाची बॅट ओळखू यावी म्हणून ती आपणच लिहिली होती, हे बिलीने २००८ साली सांगितलं. कार्ड शोमध्ये लोक हे सगळे प्रकार जमवताना दिसतात. मी घेतलं नाही आणि घेणारही नाही. ज्या कार्डाकडे कुणी बघत नाही त्यात काहीतरी सापडावं, हा माझा आनंद आहे. याच्याकडे सगळं जग बघून चुकलंय.

लहानपणी साताऱ्याला आम्ही बबलगमबरोबर मिळणारी क्रिकेटपटूंची चित्रं जमवायचो. त्यावर रन आणि विकेट छापलेल्या असत आणि त्यांची बेरीज करत बसायचो. तेव्हाही ज्याचं नाव कुणाला माहीत नाही असा खेळाडू निघाला की पोरं नाक मुरडायची, आणि सोबत दोन सुनील गावसकर दिले तरी तो कुणी घ्यायचं नाही. ते सगळं कुठे गेलं, मला ठाऊक नाही. जमवलेली पेटी घर बदलताना गेली असावी. त्यामुळे इथे मी ठेवण्याची व्यवस्था आधी केली. चेकलिस्ट नऊ खणांच्या प्लास्टिकच्या पानांत, बाइंडरमध्ये, वर्षाप्रमाणे. पझलचे तुकडे वेगळ्या बाइंडरमध्ये क्रमांकाने. चुकीच्या फोटोंचं कार्ड आणि दुरुस्त केलेलं कार्ड यांना एकेक मऊ स्लीव्ह आणि मग टॉपलोडर, म्हणजे कडक प्लास्टिकचं कव्हर. पाकिटांचे मेणकागदही मी फेकत नाही, पण ते कार्डांपासून लांब ठेवते, मेण लागतं म्हणून. तळघरात ओल येते, तिथे काही ठेवायचं नाही. ओहायोच्या उन्हाळ्यात दमटपणा इतका असतो की चकचकीत थर दिलेली कार्डं एकमेकांना चिकटून वीट होते. १९९१च्या टॉप्स स्टेडियम क्लब कार्डांची अशी एक वीट माझ्याकडे आहे. सोडवायला गेलं की चेहरे निघून येतात.

उरलेले कॉमन्स मी गठ्ठे करून लायब्ररीतल्या मुलांच्या वर्गाला देते. तिथे ती कार्डं कापतात, चिकटवतात, त्यावर लिहितात. वापरली जातात, बरं वाटतं. देण्याआधी एक-एक कार्ड उलटसुलट बघून घेते, कारण चुका बऱ्याचदा मागच्या बाजूला असतात. वजन चुकलेलं, नावाचं स्पेलिंग चुकलेलं, एकाची आकडेवारी दुसऱ्याच्या पाठीवर.

सध्या काम अडलंय ते मुसियलवर. ४३ ते ४५ आणि १६ ते १८ हे तुकडे अजून आलेले नाहीत. अमेरिकेत राहणाऱ्या कुणा मराठी मंडळींच्या मुलांनी १९८८चं डोनरस उघडलं असेल आणि ते तुकडे ड्रॉवरमध्ये पडून असतील, तर मला नक्की कळवा. बदल्यात माझ्याकडे १९८७च्या टॉप्सच्या सहाही चेकलिस्ट, कोऱ्या, डबल आहेत. १९९०च्या डोनरसचे पझलचे तुकडेही बरेच आहेत, कार्ल यास्त्रेम्स्कीचे. टपालखर्च माझा.